काउंटरवरून थेट शर्यतीत: दुकानात उभ्या असलेल्या जुन्या रेसर गाड्यांची पार्श्वभूमी

मोटरसायकलच्या दुकानात नव्या कोऱ्या गाड्यांच्या रांगेत मधेच एखादी जुनी रेसर उभी दिसते. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, किक नाही, बटन स्टार्टही नाही. साइड स्टँडसुद्धा नाही, म्हणून मागचं चाक पॅडॉक स्टँडवर चढवलेलं. स्पीडोमीटर असायचा तिथे फक्त इंजिनाचे फेरे दाखवणारा एक मोठा डायल. पुढच्या पाटीवर नोंदणी क्रमांक नाही, नुसता एक आकडा. येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात आणि पुन्हा नव्या मॉडेलकडे वळतात. दुकानदाराने शोभेसाठी ठेवली असेल, असाच बहुतेकांचा समज होतो.

मला मात्र या गाडीसाठी संग्रहालयापेक्षा दुकानच जास्त खरी जागा वाटते. आज टिकून राहिलेल्या जुन्या रेसर गाड्यांपैकी बऱ्याचशा अशाच दुकानांतून शर्यतीला गेल्या होत्या. डीलरने त्या कंपनीकडून घ्यायच्या, मागच्या गॅरेजात उघडून जोडायच्या, एखाद्या होतकरू पोराच्या हाती द्यायच्या आणि शर्यत संपली की परत आणायच्या, असा तो काळ होता. म्हणून या गाड्यांचा इतिहास सांगायचा तर कारखान्यांइतकाच दुकानांचाही सांगावा लागतो.

सुरुवात झाली ती एका कायद्याच्या अडचणीतून. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला तिथे परवानगी नव्हती. आयल ऑफ मॅन या बेटाची संसद वेगळी. तिने रस्ते बंद करण्याचा कायदा १९०४ मध्ये केला आणि २८ मे १९०७ रोजी तिथे पहिली टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, झाली. सुमारे २५ किलोमीटरच्या धुळीच्या रस्त्यावर दहा फेऱ्या. सिंगल सिलिंडर गटात चार्ली कॉलियर ताशी ३८.२१ मैलांच्या सरासरीने जिंकला. गाडी होती मॅचलेस, आणि मॅचलेस हा कॉलियर कुटुंबाचाच व्यवसाय. ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गटात रेम फाउलर जिंकला. त्याची गाडी नॉर्टन असली तरी इंजिन प्यूजोचं होतं. एक अट आज वाचताना गंमत वाटते. सिंगल गाडीने गॅलनला ९० मैल, म्हणजे लिटरला साधारण ३२ किलोमीटर, जायलाच हवं होतं. रस्त्यावर रोज वापरता येईल अशाच गाड्यांची परीक्षा व्हावी, हा त्यामागचा हेतू. पॅडल मारून चढ चढायलाही त्या वर्षी मुभा होती. पुढच्या वर्षी ती काढून घेतली.

१९११ मध्ये शर्यत डोंगरी मार्गावर गेली. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, त्यात स्नेफेल डोंगराचा चढ. त्या वर्षीच्या सीनियर टीटीत, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या गटात, अमेरिकेतल्या ‘इंडियन’ या कंपनीच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. त्यांच्याकडे चेन ड्राइव्ह आणि गिअर होते, तर ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच अजून पट्ट्यावर चालत होत्या. शर्यतीतला हा धडा रस्त्यावरच्या गाडीत उतरायला फार वर्षं लागली नाहीत.

तरीही १९२० च्या दशकापर्यंत कंपनीची खास रेसर आणि गिऱ्हाइकाला मिळणारी गाडी यांत मोठं अंतर होतं. व्हेलोसेटने ते कमी केलं. त्यांच्या ३५० सीसी ओव्हरहेड कॅमच्या (झडपा उघडणारा कॅम इंजिनाच्या माथ्यावर असलेल्या) गाडीवर अॅलेक बेनेटने १९२६ आणि १९२८ ची ज्युनियर, म्हणजे लहान इंजिनांच्या गटाची, टीटी जिंकली, आणि १९२९ मध्ये त्याच जातीची ‘केटीटी’ ही गाडी कंपनीने कोणालाही विकायला काढली. पैसे मोजा, गाडी घ्या, शर्यतीत उतरा. पुढे ‘प्रॉडक्शन रेसर’ म्हणून जो वर्ग रूढ झाला, त्याची ही एक पायवाट. बेनेटचं स्वतःचं साउदॅम्प्टनला मोटरसायकलचं दुकान होतं, हेही इथे नोंदवायला हवं.

बीएसएच्या गोल्ड स्टारचं नावही अशाच एका चढाओढीतून आलं. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांची फेरी मारणाऱ्याला सोन्याचा तारा असलेला छोटा बिल्ला मिळत असे. १९३७ मध्ये वॉल हँडलीने बीएसए एम्पायर स्टारवर तो मिळवला आणि पुढच्या वर्षी कंपनीने नव्या मॉडेलला बिल्ल्याचंच नाव दिलं. युद्धानंतर प्रत्येक गोल्ड स्टारबरोबर तिच्या इंजिनाची चाचणीत मोजलेली ताकद लिहिलेला कागद मिळे. जुन्या गोल्ड स्टारबरोबर तो कागद अजून असेल तर मालक आधी तो दाखवतो आणि मग गाडी.

पण दुकानातल्या रेसरचं खरं रूप म्हणजे मँक्स नॉर्टन. सिंगल सिलिंडर, कॅम फिरवायला उभा शाफ्ट आणि बेव्हल (तिरक्या दात्यांचे) गिअर, चकाकती चंदेरी टाकी. सुरुवातीचं इंजिन वॉल्टर मूरचं, १९३० मध्ये आर्थर कॅरलने ते नव्याने मांडलं आणि पुढची अनेक वर्षं जो क्रेगने त्यातून थोडी थोडी ताकद काढत नेली. शेवटच्या ५०० सीसी गाड्या सुमारे ५० हॉर्सपॉवरच्या होत्या. १९५० मध्ये तिला बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची फ्रेम मिळाली. जुन्या फ्रेमवर अंग खिळखिळं करून घेतलेला हॅरॉल्ड डॅनियल ही चालवून उतरला आणि म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. तेव्हापासून तिचं नाव ‘फेदरबेड’. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर सीनियर टीटी जिंकली आणि १९५१ मध्ये ३५० आणि ५०० या दोन्ही गटांत तो जगज्जेता झाला.

नॉर्टनच्या जोडीला एजेएसची ३५० सीसी ‘७आर’ १९४८ मध्ये आली. हिचा कॅम चेनवर चालायचा, त्यामुळे इंजिन उघडणं आणि दुरुस्त करणं तुलनेने सोपं, आणि खासगी रेसरला तेच हवं असे. तिच्या इंजिनाचे सोनेरी रंगाचे भाग पाहून लोकांना तो नखरा वाटतो, पण त्या रंगाला कारण आहे. वजन वाचवायला केसिंग मॅग्नेशियमचं केलं होतं, आणि मॅग्नेशियम हवा-पाण्याने लवकर खराब होतं. सोनेरी लेप त्याला जपण्यासाठी होता. याच इंजिनाची ४९६ सीसीची थोरली बहीण म्हणजे १९५८ ची मॅचलेस जी५०.

या तीन गाड्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या शर्यती भरून टाकल्या. त्या चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कंपनीचा पगार होता. बाकीच्यांच्या मागे दुकानं उभी होती. मँचेस्टरचा रेग डिअर्डन हा असा डीलर. त्याने कितीतरी जणांना मँक्स नॉर्टन दिल्या. टॉम कर्बी, टॉम आर्टर ही नावंही जुन्या निकालपत्रकांत चालकाच्या नावाशेजारी सापडतात. माइक हेलवुडचे वडील स्टॅन हेलवुड ‘किंग्ज ऑफ ऑक्सफर्ड’ ही मोठी डीलरशिप चालवत, आणि पोराच्या पहिल्या गाड्या त्या पैशातून आल्या. माइकला श्रीमंताचं पोर म्हणणारे तेव्हा बरेच होते. १९६१ च्या सीनियर टीटीत गॅरी हॉकिंगची चार सिलिंडरची एमव्ही अगुस्ता बिघडली आणि माइकने सिंगल सिलिंडर नॉर्टनवर ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने शर्यत जिंकली. त्यानंतर असं म्हणणाऱ्यांचे आवाज कमी झाले असतील, असं मला वाटतं.

या सगळ्यांत कॉलिन सीलीची गोष्ट मला सगळ्यात जवळची. केंटमधला तरुण डीलर, स्वतः साइडकार रेसर. १९६० च्या दशकात एजेएस-मॅचलेस-नॉर्टन यांची पालक कंपनी एएमसी डबघाईला आली. १९६६ मध्ये तिच्या रेसिंग विभागाचं सामान, साचे आणि हक्क सीलीने विकत घेतले. ज्या गाड्या काल काउंटरवर विकायच्या, त्या आता तो स्वतः बनवू लागला. जी५० चं इंजिन त्याने स्वतःच्या हलक्या फ्रेममध्ये बसवलं, आणि सीली-मॅचलेस पुढे कित्येक वर्षं धावत राहिल्या. कंपनी बुडाली तरी तिच्या गाड्या जगल्या, त्या एका डीलरमुळे.

याच काळात दुकानात न दिसणाऱ्या गाड्याही होत्या. १९४९ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत ५०० सीसीत इटालियन चार सिलिंडर गाड्या पुढे गेल्या: आधी जिलेरा, मग एमव्ही अगुस्ता. मोटो गुझीने तर ५०० सीसीत आठ सिलिंडर बसवले. १९५७ च्या शेवटी जिलेरा, गुझी आणि मोंदियाल माघारी गेल्या, मागे एमव्ही उरली आणि १९५८ ते १९७४ अशी सलग सतरा वर्षं ५०० चा जगज्जेता एमव्हीवरचाच होता. होंडा १९५९ मध्ये टीटीला आली आणि १९६६ मध्ये पाचही सोलो (साइडकार नसलेल्या) गटांत उत्पादकांचं अजिंक्यपद घेऊन गेली. त्यांची २५० सीसी गाडी सहा सिलिंडरची होती, १२५ सीसी पाच सिलिंडरची. या गाड्या कधी विकायला नव्हत्याच. हंगाम संपला की कित्येक मोडून पुढच्या गाडीसाठी सुटे भाग काढून घेतले जात, कित्येक भंगारात गेल्या. दुकानात मँक्स, ७आर किंवा पुढची यामाहा दिसते आणि सहा सिलिंडरची होंडा दिसत नाही, ते यामुळेच. विकलेल्या गाड्यांना मालक मिळाले आणि मालकांनी त्या सांभाळल्या.

ब्रिटिश सिंगलचा जमाना लांबला, पण संपला. १९६९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ओपातियाला, एमव्हीच्या गैरहजेरीत, गॉडफ्री नॅशने नॉर्टनवर ५०० ची ग्रां प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत, जिंकली. त्या गटात सिंगल सिलिंडरचा तो शेवटचा विजय.

पुढे खासगी रेसरच्या हाती आली ती यामाहाची टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकचं गुपित पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या वॉल्टर काडेनने उलगडलं होतं. सायलेन्सरच्या जागी मधे फुगीर आणि शेवटी निमुळता पाइप लावला की आत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. एमझेडचा चालक अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचा जगज्जेता झाला. यामाहाने हे ज्ञान विक्रीच्या गाडीत आणलं. १९७३ मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या टीझेड २५० आणि ३५० आल्या आणि जगभरच्या शर्यतींच्या सुरुवातीच्या रांगांत त्याच त्या दिसू लागल्या. मँक्सची जागा त्यांनी घेतली, अगदी दुकानासकट. चालवणाऱ्याला एक सवय मात्र लावून घ्यावी लागे: डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसलं की मागचं चाक जाम होतं, आणि क्लच दाबायला क्षणभरच मिळतो.

दुकानाने कारखान्याला हरवल्याचा सर्वांत मोठा दिवस जून १९७८ मधला. हेलवुड ३८ वर्षांचा, टीटी सोडून अकरा वर्षं झालेली. त्याची ९०० सीसी डुकाटी इटलीतल्या बोलोन्याच्या एनसीआर या रेसिंग वर्कशॉपमध्ये बांधलेली, पण ती उतरवली आणि तयार केली मँचेस्टरच्या स्टीव्ह विनच्या ‘स्पोर्ट्स मोटरसायकल्स’ या दुकानाने. समोर होंडावर फिल रीड, आधीच्या वर्षीचा विजेता. हेलवुडने फॉर्म्युला वन या गटाची टीटी जिंकली, आणि पुढच्या वर्षी डुकाटीने लाल-हिरव्या-पांढऱ्या रंगातली ‘माइक हेलवुड रेप्लिका’ बाजारात आणली. दुकानाने जिंकवलेली गाडी पुन्हा दुकानातच विकायला आली.

अशी गाडी समोर आली तर आधी पाटीचा रंग पाहावा. ग्रां प्रीच्या नियमाप्रमाणे ५०० सीसीला पिवळी पाटी आणि काळा आकडा, ३५० ला निळी, २५० ला हिरवी आणि १२५ ला काळी, या तिन्हींवर आकडा पांढरा. मग नटबोल्ट बघावेत: डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून तार ओवलेली असते, कंपनाने बोल्ट सुटू नये आणि तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून. शेवटी इंजिन आणि फ्रेमचे क्रमांक. मँक्स आणि जी५० ची इंजिनं आजही नव्याने बनतात, तेव्हा कुठली गाडी जुनी आणि कुठली नवी हे रंगावरून कळत नाही. नव्याने बनवण्यात मला काही गैर वाटत नाही, त्यामुळे त्या आजही शर्यतीत धावतात. पण प्रदर्शनातल्या पाटीवर ते स्पष्ट लिहिलेलं असावं.

जवळ गेलात तर एक वास येईल. रेसिंगच्या तेलात एरंडेल असायचं. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडाच्या कॅस्टर या इंग्रजी नावावरून आलेलं. उष्णतेत ते फार चांगलं टिकतं, पण गाडी नुसती उभी राहिली की आत चिकट राळ होऊन बसतं. म्हणून जाणता दुकानदार अशी गाडी मांडण्यापूर्वी तेल आणि पेट्रोल काढून घेतो, आणि अधूनमधून तिला बाहेर काढून चालवतो. ग्रां प्रीत गाडी ढकलून सुरू करायची पद्धत १९८७ पासून बंद झाली, मात्र मोठ्या सिंगलला आजही तसंच उठवावं लागतं. गिअर टाकायचा, कॉम्प्रेशन लागेपर्यंत गाडी मागे ढकलायची, क्लच दाबून चार-पाच पावलं पळायचं, सीटवर एका बाजूने उडी टाकून बसायचं आणि त्याच क्षणी क्लच सोडायचा. पहिल्यांदा नाही लागली तर परत मागे ढकलायची.