पावकी-निमकीपासून अंश-छेदापर्यंत

पाचवीतलं मूल अपूर्णांकांपाशी अडलं की दोष मुलाला तरी दिला जातो, नाही तर गुरुजींना. मला वाटतं, आधी थोडं मागं जाऊन पाहावं. सातारा-सांगलीकडे अपूर्णांक शाळेच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून दप्तरात, बाजारात आणि खळ्यावर रोज वापरात होता. फक्त त्याची जात वेगळी होती.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून शाहू महाराजांच्या साताऱ्यात आणल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा १/४ भाग, सरदेशमुखी म्हणजे १/१०. पुढे या चौथाईचीही वाटणी झाली. तिचा पाव हिस्सा छत्रपतींची राजबाबती, शेकडा ६ साहोत्रा, शेकडा ३ नाडगौडा आणि उरलेले शेकडा ६६ सरदारांचा मोकासा. पावाचा पाव म्हणजे १/१६, अर्थात रुपयामागे एक आणा. अपूर्णांकाचा अपूर्णांकाशी गुणाकार आज मुलांना डोंगराएवढा वाटतो. इथल्या कारकुनांचं पोटच त्यावर चालत होतं.

हे कारकून अपूर्णांक लिहीत कसे, हे पाहण्यासारखं आहे. पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन, पाऊणसाठी तीन. ३॥ म्हणजे साडेतीन. यात छेद कुठेच नाही, कारण तो ठरलेला होता: चार. त्याखाली उतरायचं तर आणे होते, आणि रुपयाचे आणे सोळा. मापांतही तेच. वजनाला शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. धान्याला पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. प्रत्येक पायरीला निम्मं.

हे निम्म्या-निम्म्यानं का चालतं, याचं कारण मला तराजूत दिसतं. एकही वजन हाताशी नसलं तरी दोन्ही पारडी सारखी करून कोणत्याही ढिगाचे दोन भाग करता येतात, मग त्याचे पुन्हा दोन. तीन किंवा पाच सारखे भाग असे सहज पडत नाहीत. त्यामुळे बाजाराचं गणित अर्धा, पाव, अर्धा पाव याच वाटेनं गेलं.

पंतोजींच्या शाळेनं हेच गणित पाठांतरात बसवलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. सांजवेळी परवच्याला घराघरांतून हे पाढे म्हटले जात. पाठांतराला हल्ली नावं ठेवतात, पण या पाढ्यांची ताकद मला मोठी वाटते. साडेतीन आणे शेर दरानं बारा शेर माल घेतला, तर बारा औट बेचाळीस, म्हणजे दोन रुपये दहा आणे. पाटी-पेन्सिल न लागता हिशेब पुरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, असं शिकलेल्या मुलाला पाव किती, पाऊण किती हे डोळ्यांसमोर दिसत असे. त्याच्या लेखी ती खरीखुरी मापं होती.

कोणताही छेद चालणारा अपूर्णांक दुसऱ्या वाटेनं आला. भागाकार करताना भाजक उलटा करून गुणावं, हा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ सालीच दिला होता. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी भिन्नांची, म्हणजे अपूर्णांकांची, सगळी कृत्यं मांडली आहेत. अंश वर, छेद खाली. मधली आडवी रेघ अरबी गणितींकडून पुढे रुळली. पण ही विद्या संस्कृत पंडितांत आणि ज्योतिषांत राहिली, गावच्या शाळेत उतरली नाही. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची मराठी पुस्तकं तयार केली, आणि नव्या शाळांबरोबर व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक गावोगाव पोचू लागले. त्यानंतर शंभरेक वर्षं दोन्ही गणितं शेजारी-शेजारी नांदली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिच्या शाळांत येणारी शेतकऱ्यांची मुलं पायली-चिपट्यात वाढलेली होती. फळ्यावरच्या १/२ आणि १/४ ला त्यांच्या घरात आधीच जागा होती.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होत, म्हणजे हिशेबाला तो निरुपयोगी ठरला. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर जाऊन किलो आला. देशाच्या दृष्टीनं निर्णय योग्यच होता. मात्र पावकी-औटकीच्या पायाखालची जमीन सरकली आणि हे पाढे वर्गातून हळूहळू गळाले. चार आण्याचं नाणं पंचवीस पैसे होऊन तगलं, तेही ३० जून २०११ ला चलनातून गेलं. खुणा अजून आहेत. माण-खटावला किंवा जत-आटपाडीला पाऊस दगा देतो, तेव्हा पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानानं यंदाच्या पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या आत आली का, हे सगळे विचारतात. तिला जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पीक रुपयात किती, हा साधा अपूर्णांकच आहे.

आजच्या मुलाला घरातून मिळतो तो घड्याळातला सव्वा-साडे-पावणे आणि भाजीवालीचा पावशेर, म्हणजे पाव किलो. शाळेत सुरुवातीला अर्धा, पाव, पाऊण येतात आणि तिथवर गाडी ठीक चालते. कागदाची पट्टी दोनदा दुमडली की पाव मिळतो; तिसरा भाग पाडताना मात्र बोटं चाचपडतात, जसा तराजू चाचपडला असता. मग भिन्न छेदांची बेरीज येते. १/२ आणि १/३ मिळवून मूल २/५ लिहितं: वर वरचे, खाली खालचे. हे उत्तर अर्ध्याहूनही कमी आहे. अर्ध्यात भर घातली आणि बेरीज अर्ध्यापेक्षा घटली, हे निमकी घोकलेल्या पोराला लगेच खटकलं असतं. म्हणून समच्छेदाची रीत सांगण्याआधी माझा पहिला प्रश्न एवढाच असतो: उत्तर अर्ध्याच्या पुढे जायला हवं की मागे?