सर्टिफिकेट आहे म्हणजे चष्मा नेत्याचाच?

'शिक्का मारलेलं सर्टिफिकेट सोबत असलं की जुन्या पुढाऱ्याची वस्तू शंभर टक्के खरी', असं वर्षानुवर्षं फिरतंय. पण सर्टिफिकेट तर वस्तू विकणारा स्वतःपण छापू शकतो ना. बघायचं ते हे, की वस्तू त्या पुढाऱ्याच्या हातून कोणाकडे गेली, पुढे कोणाकडे, आणि प्रत्येक टप्प्याचं पत्र, पावती काही आहे का. जुन्या फोटोत तसाच चष्मा दिसला तरी पुरत नाही, तसले हजारो बनायचे, काडीवरचा ओरखडा किंवा तुटलेली काडी डाग देऊन जोडल्याची खूण जुळली तर गोष्ट वेगळी. सही असेल तर १० पट भिंगाखाली धरा, छापील असेल तर बहुतेकदा बारीक ठिपके दिसतात, शाईपेनाची रेघ मात्र कुठे जाड कुठे बारीक, वळणावर शाई साचलेली. घाईत पैसे देऊ नका, खरंच.