अंगण नक्की कशात वाकडं?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’चा अर्थ शाळेतच पाठ झालेला असतो. अडतं ते ‘वाकडे’पाशी. जमीन नाचायला अडचणीची असेल तर आपण तिला उंचसखल म्हणतो, खडबडीत म्हणतो. वाकडी असते काठी, वाकडा असतो बांध. अंगणाच्या कडा तिरक्या आहेत म्हणून फुगडी मोडत नाही.

सोपं उत्तर यमकाचं. म्हणीची दुसरी ओळ आता फारशी ऐकू येत नाही: ‘रांधता येईना, ओली लाकडे’. वाकडे-लाकडे जुळलं, भागलं. पण हिंदीतलं आंगनही ‘टेढा’च आणि बंगालीतलं उठानही ‘बांका’च, तिथं लाकडं कुठायत? जतच्या पलीकडं कानडीत नाचता न येणारी म्हणते ‘नेल डोंकु’, जमीनच वाकडी. (अभंगातला ‘डोंगा’ ऊस कानाला याच घरचा वाटतो.) तेलुगूत मात्र दोष मद्दलेला, म्हणजे मृदंगासारख्या वाद्याला, आणि ती सबब निदान पटण्याजोगी आहे. बाकीच्यांनी मुद्दामच फुसकी सबब निवडली असणार. सबब जितकी फुसकी, तितकी म्हण बोचरी.

तरी अंगणाची बाजू थोडी घ्यायला हवी. सातारा-सांगलीकडं पंचमीचा झिम्मा अंगणातच रंगायचा. पाणी दारात तुंबू नये म्हणून बाहेरच्या अंगाला उतार दिलेला, वर श्रावणातली ओल. सारवणावरून टाच सरकायचीच.

पुढं १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. संस्थानं विलीन होत होती, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. या सगळ्या धामधुमीत फडांचं काय झालं हे कमीच लिहिलं गेलं. कारण दिलं अश्लीलतेचं. बंदी उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर, आणि पाट्यांवर ‘लोकनाट्य’ हा सोवळा शब्द चढला. ज्यांना नाचता येत होतं त्यांचं अंगणच काढून घेतलं होतं. त्याची म्हण कुणी केली नाही.

आता ही म्हण नाचापेक्षा सभेत जास्त ऐकू येते. कारखान्याच्या वार्षिक सभेत साखरेचा उतारा घसरल्याचं खापर पावसावर फुटायला लागलं, की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, “अंगण वाकडं!” पहिला अर्धा भाग गिळलेला असतो. मंडपात हशा पिकतो आणि व्यासपीठावरचे कागद चाळायला लागतात.