द्वेषगुन्ह्याच्या कायद्यात विचारांना शिक्षा होते का?

‘द्वेषगुन्ह्यांचा कायदा म्हणजे मनातल्या विचारांना शिक्षा,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. द्वेषगुन्हा म्हणजे धर्म, वंश अशा ओळखीच्या द्वेषातून केलेला गुन्हा; असे कायदे जिथे आहेत, तिथे त्याला सहसा जास्त शिक्षा असते. विचारस्वातंत्र्याची काळजी रास्तच आहे, पण हा कायदा तसा चालत नाही.

आधी मारहाण, जाळपोळ, धमकी असा मुळातच गुन्हा असलेला प्रकार सिद्ध व्हावा लागतो. तो झाला नाही, तर मनात कितीही द्वेष असो, कलम लागत नाही. मग हेतू तपासतात: हल्ल्याच्या वेळी उच्चारलेले शब्द, आधीचे मेसेज, भिंतीवर लिहिलेला मजकूर, त्या माणसाला धर्म किंवा वंशामुळेच गाठलं का. यालाही पुरावा लागतोच. शिक्षा ठरवताना हेतू पाहण्याची पद्धत तर जुनीच आहे.

शिक्षा वाढते, कारण झळ एकट्याला बसत नाही. एका दारावर धमकी लिहिली, की त्या समाजातली सगळी घरं धास्तावतात. अशा वेळी शेजाऱ्यांनी उघडपणे सोबत उभं राहिलं, तर तक्रार द्यायचं बळ येतं. ते काम एकटा कायदा करू शकत नाही.

पडताळायचं असेल तर मूळ कलम वाचा आणि त्यात कोणतं कृत्य नमूद आहे ते शोधा. चिथावणीखोर भाषणाचे कायदे वेगळे असतात आणि देशागणिक बदलतात. गोंधळ बऱ्याचदा तिथेच होतो.