छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेताय? खोक्यावरचे वॉट राहू द्या, आधी स्पीकर आणि अडॅप्टर बघा

तळहातावर मावेल असा अ‍ॅम्प्लिफायर आज बुकशेल्फ स्पीकरची जोडी मस्त वाजवतो, यात आता शंका घेण्यासारखं काही उरलेलं नाही. पण असा अ‍ॅम्प निवडताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, वॉट. ३०० वॉट, ६०० वॉट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि जास्त वॉट म्हणजे जास्त चांगला आवाज असं आपण धरून चालतो. माझं मत एकदम उलट आहे. तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा, सुरुवात करायची ती स्पीकरच्या मागे लावलेल्या पट्टीपासून.

त्या पट्टीवर किंवा स्पीकरच्या मॅन्युअलमध्ये सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, डेसिबलमध्ये. म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर किती आवाज येतो. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबल जास्त ताकदीचा दिसतो, हे लक्षात ठेवायचं. घरातले छोटे स्पीकर साधारण ८३ ते ८९ डेसिबलच्या मधे असतात. ८६ धरा. आता एक गोष्ट ऐकून नवल वाटेल, ८६ डेसिबलचा स्पीकर त्याला दिलेल्या विजेपैकी जेमतेम पाव टक्का आवाजात बदलतो, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. आणि तरी तेवढ्या पाव टक्क्यात खोली भरते, कारण आपले कान भयंकर संवेदनशील आहेत.

मग वॉट किती लागतात? हिशोब करूनच बघू. समजा तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतरामुळे आवाज कमी होतो, पण खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज थोडी भरपाई करतो आणि दोन स्पीकर एकदम वाजत असल्यामुळे अजून ३ डेसिबल मिळतात, हे सगळं धरलं तर प्रत्येक स्पीकरला १ वॉट देऊन तुमच्या खुर्चीपाशी ढोबळमानाने ८२ डेसिबल पोचतात. आता ७५ डेसिबल सरासरी आवाज म्हणजे घरात गाणी ऐकायला चांगला मोठा आवाज, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो इतका. त्याला किती पॉवर लागली? साधारण ०.२ वॉट. हो, एका वॉटचा पाचवा भाग.

पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, पियानोचा पहिला आघात हे सगळे क्षणभर सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारतात. २० धरले तर ९५ डेसिबलपर्यंत जायचंय, म्हणजे ८२ च्या वर १३ डेसिबल, आणि दर १० डेसिबलला पॉवर १० पट लागते, म्हणून १३ ला २० पट. उत्तर आलं २० वॉट. थोडी सवड ठेवून ४० धरा. ८३ डेसिबलचा स्पीकर असेल तर दुप्पट लागेल, ८९ चा असेल तर निम्म्यात भागेल. एवढंच आहे हे गणित, आणि माझ्या मते प्रत्येकाने अ‍ॅम्प घ्यायच्या आधी पाच मिनिटं काढून आपल्या खोलीसाठी ते करावं. (आणि आवाजाच्या पातळीचा विषय निघालाच आहे तर, जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि ९० डेसिबलला ४ तास अशी आहे, कान परत मिळत नाहीत.)

याच गणितातून अजून एक गोष्ट निघते जी मला फार महत्त्वाची वाटते. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. ५० वॉटचा अ‍ॅम्प काढून १०० वॉटचा लावला तर आवाज दुप्पट होत नाही, "हां, थोडा मोठा वाटतोय" इतकाच फरक पडतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे १० पट पॉवर. त्यामुळे ४० आणि ६० वॉटमध्ये डोकं खपवण्यात काहीच अर्थ नाही, तोच वेळ बाकीच्या गोष्टी बघण्यात घालवा.

आता खोक्यावरच्या ३०० वॉटचं काय? इथे अडॅप्टर बघायचा. छोट्या अ‍ॅम्पच्या आत जवळपास नेहमी क्लास डी (ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून चालणारी, ते पुढे येतंच) चिप असते आणि ती ब्रिज पद्धतीने स्पीकर चालवते, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलते, त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त व्होल्टेज पडू शकतं ते अडॅप्टरच्या व्होल्टेजइतकं. यातून सूत्र मिळतं, व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. २४ व्होल्टचा अडॅप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर, तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॉट. बस. चिपच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, २४ व्होल्टवर ८ ओहमला स्वच्छ ३६ वॉटच्या वर जाता येत नाही, उलट आतल्या गळतीमुळे थोडे कमीच मिळतात. ३२ व्होल्टला ६४ वॉट, ४८ व्होल्टला १४४ वॉट. आणि १२ व्होल्टवर? ९ वॉट. ४ ओहमचा स्पीकर असेल तर हे सगळे आकडे दुप्पट, पण मग करंट पण दुप्पट लागतो आणि तिथे अडॅप्टरचे अँपिअर मोजावे लागतात. २४ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर एकूण ७२ वॉट देणार, डावा-उजवा दोन्ही चॅनल मिळून, त्यातून सलग १५० वॉट कुठून येतील? क्षणभराच्या ठोक्यांना आतले मोठे कपॅसिटर मदत करतात म्हणून प्रत्यक्ष गाणी ऐकताना अडत नाही, हे पण खरं आहे.

मग ते मोठे आकडे येतात कुठून? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप घ्या, बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पमध्ये हीच असते. तिचा ३१५ वॉटचा आकडा ४ ओहमला, ५० व्होल्टच्या पुढच्या सप्लायवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (म्हणजे मूळ लाटेचा आकार बिघडण्याला) आहे. चिप उत्तम आहे, आकडा पण खोटा नाही, पण १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचे माथे स्पष्ट कापले गेलेत, असा आवाज कोणी ऐकत बसत नाही, आणि त्याच चिपला ३२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ती ३१५ च्या जवळपासही जात नाही. म्हणून स्पेसिफिकेशन वाचताना वॉटच्या शेजारी तीन गोष्टी शोधा, किती ओहमला, किती डिस्टॉर्शनला, किती व्होल्टवर. तिन्ही लिहिलेल्या असतील तर कंपनी प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही. पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) असं काही लिहिलेलं दिसलं तर तो आकडा सरळ सोडून द्या, त्याला कुठलीही ठरलेली मोजपट्टी नाही.

हे सगळं इतक्या छोट्या डब्यात बसतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतो, त्याच्यावर व्होल्टेज पण असतं आणि त्यातून करंट पण जात असतो, दोघांचा गुणाकार म्हणजे उष्णता. कितीही चांगला बनवला तरी पूर्ण पॉवरवर त्याची कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि रोजच्या हळू आवाजात तर ती खूपच कमी असते, म्हणून ते मोठे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे) आणि जड ट्रान्सफॉर्मर. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, तळ्यात-मळ्यात प्रकारच नाही. बंद असताना करंट नाही, चालू असताना व्होल्टेज जवळपास नाही, गुणाकार जवळपास शून्य. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते, आणि गाण्याच्या सिग्नलप्रमाणे प्रत्येक वेळी किती काळ चालू राहायचं ते बदलत जातं. पुढे एक कॉइल आणि एक कपॅसिटर बसवला की ती जलद उघडझाप गाळली जाते आणि मागे उरतं ते संगीत.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक रीव्हज यांनी १९५० च्या दशकात ती मांडली, १९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एक्स-१० नावाचं किट विकायला काढलं, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करायला तयारच नव्हते आणि त्यातून जेमतेम अडीच वॉट निघायचे. चांगले मॉसफेट (जलद उघडझाप करू शकणारे ट्रान्झिस्टर) आल्यावर खरी गाडी सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या शेवटी ट्रायपाथ कंपनीची टीए २०२० ही २० वॉटची चिप आली, स्वस्त, छोटी आणि आवाजाला इतकी चांगली की घरगुती ऑडिओवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. कंपनी पुढे टिकली नाही, पण छोटा अ‍ॅम्प गंभीरपणे घ्यायची सवय तिने लावली.

आता एक असा मुद्दा जो खोक्यावर फारसा लिहिलेला नसतो आणि कानाला मात्र ऐकू येऊ शकतो. ते कॉइल-कपॅसिटरचं फिल्टर एका ठराविक ओहमसाठी बनवलेलं असतं, पण स्पीकरचे ओहम स्थिर नसतात, फ्रीक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतात, ८ ओहम लिहिलेला स्पीकर एखाद्या ठिकाणी साडेसहापर्यंत उतरतो आणि दुसरीकडे २०-३० पर्यंत चढतो. त्यामुळे साध्या क्लास डी अ‍ॅम्पमध्ये अगदी वरचा ट्रेबल, १० हजार हर्ट्झच्या पुढचा, एखाद-दोन डेसिबल वर किंवा खाली सरकतो, आणि कुठे सरकेल ते तुमच्या स्पीकरवर अवलंबून. एकच अ‍ॅम्प एका घरात टोचरा आणि दुसऱ्या घरात मऊ वाटतो त्याचं एक कारण हे आहे. उपाय पण आहे, फीडबॅक फिल्टरच्या पुढून घ्यायचा, म्हणजे स्पीकरपाशी जे पोचतंय तेच अ‍ॅम्प तपासतो आणि सुधारतो. याला पोस्ट फिल्टर फीडबॅक किंवा पीएफएफबी म्हणतात. ब्रूनो पुट्झेज या इंजिनिअरने फिलिप्स, हायपेक्स आणि नंतर प्युरिफायमध्ये जी डिझाइन केली त्यांच्यात हे मुळापासूनच आहे, आणि आता टीपीए ३२५५ वर बनवलेल्या काही छोट्या अ‍ॅम्पमध्येही मिळतं. दोन अ‍ॅम्पमध्ये अडकला असाल आणि एकात पीएफएफबी असेल तर मी डोळे झाकून तोच घेईन, भले त्याचे वॉट कमी असोत.

दुसरी ऐकू येणारी गोष्ट म्हणजे हिस्स. गाणं बंद असताना अ‍ॅम्प स्वतः किती व्होल्टचा गोंगाट करतो ते मायक्रोव्होल्टमध्ये दिलेलं असतं. १०० मायक्रोव्होल्ट असेल तर ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही. १ मिलिव्होल्ट असेल तर शांत खोलीत स्पीकरजवळ कान नेल्यावर सुर्रर्र ऐकू येईल, आणि स्पीकर ९५ डेसिबलचा असेल तर खुर्चीवर बसूनही येऊ शकतो. टेबलावर कॉम्प्युटरशेजारी स्पीकर ठेवून जवळून ऐकणाऱ्यांनी तर वॉटपेक्षा हा आकडा आधी बघावा.

जोडणीबद्दल एक सावधगिरी, आणि ही मनापासून सांगतोय कारण यात अ‍ॅम्प जळतो. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचं काळं टोक ग्राउंड नसतं, ते पण लालइतकंच जिवंत असतं. डाव्या-उजव्याची काळी टोकं एकमेकांना जोडायची नाहीत, ग्राउंडला लावायची नाहीत, आणि सबवूफरला स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल द्यायचा असेल तर सबच्या मॅन्युअलमध्ये ब्रिज अ‍ॅम्प चालतो का ते वाचल्याशिवाय वायर लावायची नाही. पुढेमागे सब घ्यायचा विचार असेल तर सब आउट (सबवूफरसाठी वेगळं आउटपुट) असलेला अ‍ॅम्पच घेतलेला बरा.

बाकी ब्लूटूथ, ऑप्टिकल, टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी हे ज्याचं त्याने गरजेप्रमाणे बघावं. टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवून घेणारं) आहे का ते मात्र बघा, नाहीतर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागेल. आणि स्पीकरवर १०० वॉट मॅक्स लिहिलंय म्हणून ५० वॉटचा अ‍ॅम्प सुरक्षित आणि १५० चा धोकादायक असं नसतं, छोटा अ‍ॅम्प सतत पिळून लाटा कापत वाजवला तर सरासरी पॉवर वाढते, वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले उंच सूर) पण वाढतात आणि ते जातात ट्वीटरकडे, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाकडे, जो मुळात फार थोडी पॉवर सोसतो.

दोन अ‍ॅम्प हातात असतील आणि ऐकून ठरवायचं असेल तर दोघांचा आवाज आधी समान करा, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा अ‍ॅम्प मोठा न वाटता "जास्त खुला, जास्त डिटेल" वाटतो आणि आपण फसतो. कानाने समान होत नाही. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन हळू आवाजात लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट १ टक्क्याच्या आत आणून ठेवा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. दोन अ‍ॅम्प एकाच वेळी एका स्पीकरला जोडायचे नाहीत, वायर बदलताना दोन्ही बंद करायचे. मग ओळखीचं गाणं लावा आणि वायर बदलायचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या, कुठला अ‍ॅम्प चालू आहे ते त्याने तुम्हाला सांगायचं नाही.