मायक्रो-आरएनए आणि लाँग नॉन-कोडिंग आरएनए: ल्युकेमियाच्या बातम्यांतली गल्लत

परभणी-हिंगोलीकडच्या घरात लेकराला ल्युकेमिया निघाला, की दवाखान्याच्या कागदांआधी नातेवाइकांचे व्हॉट्सअ‍ॅप येतात: 'नॉन-कोडिंग आरएनएवरून ब्लड कॅन्सर ओळखता येणार'. पण कोणता आरएनए (जनुकावरून पेशीत उतरवलेली प्रत)? मायक्रो-आरएनए आणि लाँग नॉन-कोडिंग आरएनए या दोघांपासून प्रथिन बनत नाही, एवढ्यावरून त्यांना एकाच माळेत ओवतात.

मायक्रो-आरएनए हा जेमतेम 22 अक्षरांचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, तुकडा. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला तो चिकटतो आणि प्रथिन बनणं रोखतो. लाँग नॉन-कोडिंग आरएनए 200 अक्षरांहून मोठा, कधी हजारोंचा. त्याचं काम एका वाक्यात सांगता येत नाही: एखादा जनुकं बंद ठेवतो, एखादा चक्क मायक्रो-आरएनएलाच धरून बसतो. त्यात आणखी गुंता म्हणजे ल्युकेमियाच्या संशोधनात सतत भेटणारा मिआर-155 हा मायक्रो-आरएनए 'बिक' नावाच्या लांब आरएनएतूनच कापून निघतो.

आजार ओळखायची खूण म्हणून कोण बरा? लांब आरएनए पेशीच्या प्रकाराशी जास्त पक्का बांधलेला असतो, ही त्याची जमेची बाजू. बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या एएलएलमध्ये (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) बीएएलआर-2 हा आरएनए वाढलेला असला, तर प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडला प्रतिसाद कमी मिळतो असं दिसलंय. मायक्रो-आरएनएचं बळ टिकाऊपणात आहे. प्रथिनांच्या आधाराने तो रक्तद्रवात तग धरतो. 2007 मधल्या एका अभ्यासात मिआर-128 एएलएलमध्ये जास्त, तर मिआर-223 एएमएलमध्ये (अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) जास्त आढळला. या दोन आजारांची औषधं वेगळी, म्हणून हा फरक मोलाचा.

माझा कल मायक्रो-आरएनएकडे आहे, पण एक अडचण बातम्यांत कधीच येत नाही. तांबड्या पेशींत मिआर-451 आणि मिआर-16 ठासून भरलेले असतात. मे महिन्यात हिंगोलीहून संभाजीनगरला निघालेल्या नमुन्यातल्या पेशी वाटेत फुटल्या, तर हेच दोघे रक्तद्रवात उतरतात आणि आकडे फसवे येतात.

उपचार आज या दोघांवर ठरत नाहीत. ते ठरतात बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणांची तपासणी), गुणसूत्रांच्या तपासण्या आणि एमआरडीवर (उरलेल्या कॅन्सर पेशींची मोजणी). पहिल्या टप्प्याच्या केमोनंतर दहा हजार पेशींत एक तरी कॅन्सरची उरली का, म्हणजे 0.01 टक्का, हे एमआरडी सांगते. डॉक्टरांना विचारायचा आकडा सध्या तोच.