दख्खनच्या ज्वालामुखीचं मुख शोधताना

गडाच्या कड्यावरचे पायऱ्यांसारखे थर दाखवून ‘हा सगळा लाव्हा’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग ज्वालामुखीचं तोंड कुठे होतं? घोळ या शब्दानेच घातला आहे. ज्वालामुखी म्हटलं की शिखर आणि त्याला मुख असणारच, असं आपण धरून चालतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. धुळे-नंदुरबारकडे माळावर भिंतीसारख्या उभ्या दिसणाऱ्या कातळरांगा म्हणजे भेगांतच थिजलेला शिलारस.

या लाव्ह्यापासून बनलेला काळा कातळ म्हणजे बसाल्ट, आणि बसाल्टचा रस पातळ. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, निम्म्याच्या आसपास, त्यामुळे वायू सहज निसटतात. स्फोट कमी, पसारा अफाट. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सिलिका वाढली की रस चिकट होतो, वायू कोंडतात आणि इंडोनेशियातल्या १८८३च्या क्राकाताऊ ज्वालामुखीसारखा उत्पात होतो. अंदमानातलं बॅरन बेट १९९१मध्ये पुन्हा जागं झालं, त्याचं कारण निराळं: तिथे खाली सरकणारा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, सोबत पाणी नेतो आणि त्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक कमी तापमानालाच वितळतो.

या ‘मुखा’च्या कल्पनेचा सर्वांत मोठा फटका बसला तो लोणारला. चहूकडे बसाल्ट आणि मधोमध सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर. एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद झाली तेव्हा ते ज्वालामुखीचंच मानलं गेलं, आणि पुढे दीर्घकाळ तेच चाललं. त्या काळी हा तर्क अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण विवर बसाल्टपेक्षा फारच तरुण आहे, हे कोडं सुटत नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तळाशी छिद्रं घेऊन खडकाचे नमुने काढले. त्यांतल्या फेल्डस्पार खनिजाची न वितळताच काच झालेली होती. एवढा दाब कुठल्याही उद्रेकात येत नाही. तो उल्केच्या आघातानेच येतो. १९७३मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता. तरी आजही लोणारला ‘मृत ज्वालामुखी’ म्हणणारं लिखाण वाचायला मिळतं, याचं वाईट वाटतं. बसाल्टमध्ये कोरलं गेलेलं इतकं सुस्थितीतलं आघातविवर पृथ्वीवर क्वचितच सापडतं. आता उरलेला खरा वाद त्याच्या वयाचा आहे: एक कालमापन सुमारे ५० हजार वर्षं सांगतं, दुसरं साडेपाच लाखांच्या पुढे जातं.